फ्लेक्सवर कोणाचा फोटो वर

हे आत्ताच सांगायला पायजे.

माजलगावच्या कारखाना रोडला माझं पंक्चरचं दुकान हाय. म्हणजे गाळा हाय. दसऱ्याआधीच घेतला. रंग मारला, नवा कंप्रेसर आणला, रेटचा बोर्ड तीनदा बदलला. उसाचे ट्रॅक्टर दारातूनच जातेत. फक्त उद्घाटन राहिलतं. फीत आमच्या भागातल्या पुढाऱ्यानं, म्हणजे साहेबांनीच कापायची असं चुलत्यानं ठरवलं, आन साहेबांची तारीख काय भेटंना.

तवर फ्लेक्सवरून भांडण. चुलता म्हणला, "सरपंचाच्या खाली माझा फोटो? काढून टाक मग." त्याला वर घेतला तर सरपंच रुसले. चारदा डिझाईन केलं, एक तर छापून पण आणलं. दर वेळेस माझाच फोटो बारीक होत गेला.

माझा शाळेतला दोस्त, त्याचे अब्बा मेकॅनिक हायत, रोज गाळ्यात बसून हे बघायचा. एकदा म्हणला, "शटर उघड ना बे. हवा भराया साहेब कशाला लागतो?"

"तुला न्हाई कळायचं. सुरुवात दणक्यात पायजे."

पुढच्याच आठवड्यात पठ्ठ्यानं अब्बांच्या टेम्पोत त्यांचाच जुना कंप्रेसर टाकला, मागं खडूनं मोबाईल नंबर लिहिला आन जिथं ट्रॉली पंक्चर तिथं जायला लागला. खडूनं लिहिलेला नंबर, आन लोकांना तोंडपाठ. ट्रॅक्टरवाले त्याला चहा पाजतेत. मी त्याचे स्टेटस बघतो, बदाम टाकतो आन फोन गादीवर आदळतो.

आज दुपारी चुलत्याचा फोन. त्याची उसानं भरलेली ट्रॉली दिंद्रुडच्या अलीकडं पंक्चर. मी लगेच कंप्रेसरचं प्लास्टिक फाडाया लागलो.

"निघालोच, काका."

"तू कावून येतो? तुझं उद्घाटन कुठं झालंय अजून? तुझ्या त्या दोस्ताचा नंबर दे."

ज्याच्या फोटोपायी मी महिना घातला, तोच ह्यो चुलता.

नंबर दिला. पण राहवंना, गाडीवर गेलोच. दोस्त ट्रॉलीखाली उताणा पडलेला. मला बघून म्हणला, "आला का? ही टॉमी धर." धरली ती चाक खोलायची लोखंडी टॉमी. चाक निघालं, पॅच बसला, हवा भरली. चुलत्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली आन मला इचारलं, "साहेबांचं काय झालं रे?"

तिथून थेट गाळ्यावर आलो. शटर वर केलं. छापलेला फ्लेक्स उलटा केला, पांढऱ्या बाजूवर लिहिलं, पंक्चर. तवापासून बसलोय. दोन ट्रॅक्टर तसेच गेले. तिसरा थांबला, मी पळत गेलो, तर म्हणतो, "तो टेम्पोवाला कुठं भेटंल?"

सांगितलं. पण आधी म्हणलं, चाक तर दाखवा. ड्रायव्हर खाली उतरायलाय, म्हणून घाईत टाईप करतोय.

तुमचं झालंय का असं? तुमी फोटो लावीत बसलात आन दारातलं गिऱ्हाईक दोस्तानंच नेलं? खरं खरं सांगा.