खडूनं आखलेला संडास

गुजरातेत, पांडेसऱ्यात पहिल्या दिवशी कापडाच्या लूमच्या शेडमध्ये पाय ठेवला, तेव्हाचा आवाज मला अजून आठवतो. खटाखट, खटाखट. शेजारचा माणूस ओरडला तरी नुसते ओठ हलताना दिसायचे. त्याला आता खूप वर्षं झाली. तो आवाज कानात राहिला आणि बाकीचे बरेच गेले. ऐकू कमी येतं म्हणून मी बघत बसतो. बघत बसलं की किस्से साठत जातात. आमच्या चाळींमागे नवा संडास बांधायचं ठरलं, तेव्हाचे तर पोतंभर आहेत.

ह्या वेळी म्हणे वस्तीला विचारूनच बांधायचं होतं. त्यासाठी पालिकेनं एका संस्थेला मदतीला घेऊन समिती केली. मला घेतलं, कारण मी म्हातारा आणि दिवसा मोकळा!

*

पहिली मीटिंग सकाळी अकराला. माणसं कामावर, बाया घरात साड्यांना टिकल्या लावत बसलेल्या. आलो कोण, तर मी, माझा लूमवरचा जुना सोबती निंबाआप्पा आणि एक शेळी.

इंजिनीअर साहेब तरुण, गुजराती. वैतागून म्हणाले, "काका, लोग आते क्यूं नहीं?"

निंबाआप्पा म्हणाला, "साहेब, संडास लागतो सकाळी पाचला. तेव्हा मीटिंग ठेवा, सगळे लायनीतच उभे असतात!"

साहेब हसले. पण संस्थेच्या रोहिणीताई दुसऱ्या दिवशी खरंच पाचला आल्या, वही घेऊन.

त्या लायनीत त्यांना कमलबाई दिसली. परभणीकडची, एकटी बाई. तिची वंदना वीस वर्षांची, पण पाय लहानपणापासून अधू. तिला बखोटीला धरून बसवावं लागतं. दोघी आत गेल्या की दार लागत नाही. मग एका हातानं लेकीला धरायचं आणि दुसऱ्या हातानं पदराचा आडोसा करायचा. लायनीतली माणसं तेवढा वेळ आभाळाकडे बघतात.

रोहिणीताईंनी वही उघडलीच नाही.

*

पुढची मीटिंग सुट्टीच्या दिवशी. आमची लूमवरची माणसं जमली. सगळ्यांचे कान माझ्यासारखेच, त्यामुळे सगळे ओरडूनच बोलतात. रोहिणीताई घाबरल्या. "अहो, भांडू नका!"

"भांडत नाही ताई," निंबाआप्पा ओरडला, "तुम्ही चहा घेणार का, ते विचारतोय!"

*

मग मतदान झालं. प्रत्येकाला पाच-पाच भाजलेले शेंगदाणे दिले. समोर वाट्या होत्या. एक दिव्याची, एक नळाची, एक कडीची. जे आधी हवं, त्या वाटीत दाणे टाकायचे. त्याआधी साहेबांचं भाषण झालं. लांबलं.

निंबाआप्पाची पाळी आली तर हात रिकामा.

"आप्पा, तुमचे दाणे?"

"मनं मत मी खाई टाकं!" आप्पा गावाकडच्या बोलीत म्हणाला. "भाजेल दाणा हातात देता, अन् वर दोन तास बसाडता!"

*

एकदा रांगोळीनं वस्तीचा नकाशा काढायला सांगितला. माणसांच्या नकाशात पानाच्या तीन टपऱ्या आल्या, संडास राहूनच गेला!

कमलबाई नेहमी दाराशी, चपलांजवळ बसायची. पुढे ये म्हटलं तरी यायची नाही. त्या दिवशी आली. एक घर काढलं, संडास काढला, मधे एक रेघ. रेघेवर ठिपके दिले.

"हे काय गं?" रोहिणीताईंनी विचारलं.

"इथं वंदना दम खाती."

ठिपके अकरा होते.

*

शेवटी साहेब कागदावर नकाशा घेऊन आले. भिंतीला लावला. "कोई वांधा?"

कोणी बोललं नाही. साहेब खूश झाले, कागदावर सह्या घ्यायला निघाले.

पण लूमवर आम्ही जन्मभर हातांनी बोललो. पलीकडून निंबाआप्पानं बोटांनी विचारलं, काही समजलं का? मी बोटांनी सांगितलं, काही नाही. रोहिणीताईंनी बरोबर पाहिलं.

"काका, हात काय म्हणतायत?"

मी हळूच म्हणालो, "ताई, कागदात शिरून बघता येत नाही. जमिनीवर आखून दाखवा."

साहेबांनी टेप लावून मैदानात खडूनं एक संडास आखला. खऱ्या मापाचा. माणसं एकेक करून आत उभी राहिली. निंबाआप्पा तर बसूनच दाखवायला लागला. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. सगळे म्हणाले, मस्त आहे.

कमलबाई चपलांजवळून उठली आणि घरी गेली. परत आली तेव्हा एका हातात पाण्याची बादली, दुसऱ्या हातात वंदना.

बादली आत ठेवली. वंदनाला आत घेतलं. तिला धरून वाकली, जसं रोज वाकते तसं. मग मागे हात नेऊन नसलेलं दार ओढलं. ते तिच्या पाठीला अडलं. तिच्या दोन्ही टाचा रेघेच्या बाहेर होत्या.

बायांनी तोंडावरचा पदर खाली घेतला.

साहेबांनी कागद पाहिला. "बेन, माप तो बराबर है," ते हळू आवाजात म्हणाले.

कमलबाईनं त्यांच्या हातातला खडू घेतला. आपल्या टाचांच्या मागे नवी रेघ ओढली. जुनी पायानं पुसली. खडू साहेबांच्या तळहातावर ठेवला. मग बादली उचलली, वंदनाला बखोटीला धरलं, आणि निघून गेली.