जर्मन बिऱ्हाड आणि सासूबाईंचा डबा

चहा घ्या, घ्या, गार करू नका. आज मी तुम्हाला माझ्या चोरीची गोष्ट सांगणार आहे. हो, चोरीचीच. आयुष्यात एकदाच केली, पण भरदुपारी केली, शेजाऱ्याच्या घरात शिरून, पदराखाली माल लपवून. आणि माल तरी काय? आमचाच डबा!

हसू नका इतक्यात. आधी ऐका.

दुष्काळ नुकताच सरला होता तेव्हाची गोष्ट. सोलापुरातल्या एका गिरणीत परदेशी यंत्रं आली आणि ती बसवायला एक जर्मन साहेबही आला. त्याचं नाव कुर्त, बायकोचं हेल्गा. आधी दोघं गिरणीच्या गेस्टहाऊसवर राहायची. तिथं काय बिनसलं देव जाणे, पण एक दिवस कळलं की साहेब बिऱ्हाड हलवतोय, आणि तेही आमच्या गल्लीत, आमच्या भिंतीला लागून असलेल्या घरात.

झालं, गल्लीला दुसरा उद्योग उरला नाही.

सामानाचा ट्रक आला तेव्हा माझी भाकरी तव्यावर होती. ती तिथंच करपली, कारण मी दारात. माझ्या शेजारी समोरच्या घरातली गौराक्का, कडेवर नातू घेऊन. साहेब स्वतःच खोकी उचलत होता, हे बघून गल्लीतल्या पुरुषांचे चेहरे पडले. मग एक लांबडी फळी उतरली. वरून कापड ताणलेलं, खाली दुमडते पाय.

"ह्यो काय गं?" गौराक्का म्हणाली.

"पाट असेल."

"एवढा उंच? वर चढून जेवत्यात व्हय?"

"थंड देशातली माणसं आहेत की. जमिनीवर बसलं तर गारठत असतील."

ते इस्त्री करायचं टेबल होतं हे आम्हाला पुष्कळ दिवसांनी कळलं. तोवर गल्लीतली निम्मी पोरं सांगत फिरत होती की जर्मन लोक पाटावर उभं राहून जेवतात.

आणखी एक नवल. आपण नव्या घरात आधी दूध उतू घालतो. ह्यांनी आधी खिडक्यांना पडदे लावले. चूल नाही, देव नाही, पडदे!

आता आपली रीत तुम्हाला माहीत आहे. नवं बिऱ्हाड आलं की पहिल्या दिवशी त्यांना स्वयंपाक करू द्यायचा नाही. मी शेंगापोळ्या केल्या. पण न्यायच्या कशात? आमच्या घरात सगळं पितळेचं, कल्हई उडालेलं. आणि फळीवर सगळ्यात वर, देवासारखा एकटा बसलेला, सासूबाईंचा स्टीलचा डबा.

ह्या डब्याची योग्यता सांगते. दोन जरीच्या साड्या आणि मामंजींचा लग्नातला कोट बोहारणीला देऊन सासूबाईंनी तो मिळवला होता. मामंजींना न विचारता. वर 'गंगाबाई' असं नाव घालून आणलं होतं. त्यात कधी काही ठेवलेलं मी पाहिलं नाही. तो फक्त पुसायचा.

सासूबाई तेव्हा अक्कलकोटला बहिणीकडं गेल्या होत्या. नाहीतर माझी काय छाती होती? पण परदेशी बाईपुढं पितळ न्यायचं, म्हणजे सोलापूरची अब्रू जाणार, असं मला वाटलं. आमचे हे शाळेत मास्तर. ते एवढंच म्हणाले, "आईचा डबा? बघ बाई." आणि वह्या तपासायला बसले.

हेल्गाबाईनं दोन्ही हातांनी डबा घेतला, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, "छान." गेस्टहाऊसवर राहून ती मोडकंतोडकं मराठी शिकली होती. मी तरंगतच घरी आले.

दुसऱ्या दिवशी डबा आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आता दिलेलं भांडं तोंडानं कसं मागायचं? आपल्यात ते बसतं का? आठवण करून द्यायची म्हणून मी वाटीभर शेंगाचटणी पाठवली. वाटीही गेली. मग तांब्याभर ताक पाठवलं. तांब्याही गेला. आमच्या घरातली भांडी एकेक करून जर्मनीच्या ताब्यात चालली होती.

आणि डबा कुठं होता? त्यांच्या खिडकीत! लख्ख घासलेला, नाव रस्त्याकडं केलेला. बरं, सासूबाईंना लिहितावाचता फारसं येत नव्हतं, पण स्वतःचं नाव मात्र त्या कोसावरून ओळखायच्या.

शिवाय त्या घरातून रोज दुपारी काहीतरी जळल्याचा वास यायचा. मी आणि गौराक्का ओट्यावर बसून तर्क लढवायचो. गौराक्काचं मत पडलं की त्यांच्यात जळकंच खात असतील, एकेकाची चव. मला ते पटलंसुद्धा.

एवढ्यात अक्कलकोटहून आलेल्या एका पाहुण्यानं निरोप दिला. सासूबाई शुक्रवारी दुपारच्या एसटीनं येतायत.

शुक्रवारी जेवणं झाली, गल्ली निजली. मी हेल्गाबाईकडं गेले. म्हटलं, आज लाज सोडायची आणि डबा मागायचा. दार उघडं. हाक मारली, उत्तर नाही. ती वर गच्चीत कपडे वाळत घालत होती. आणि डबा माझ्यापासून हातभर अंतरावर.

तुम्ही काय केलं असतं, खरं सांगा.

मी तो उचलला. जड लागला. आत काहीतरी होतं, पण बघायला वेळ कुणाला? पदराखाली घेतला आणि घर गाठलं. उंबरा ओलांडते तोच दारात टांगा थांबला आणि सासूबाईंचा आवाज, "अगं, पिशवी घे की ही." फळीवर चढायला वेळ नव्हता. मी डबा ज्वारीच्या कणगीत खुपसला, वरून ज्वारी लोटली आणि हसतमुखानं बाहेर आले.

सासूबाईंनी पाय धुतले, त्या टेकल्या. फळीकडं त्यांची पाठ राहील असं मी त्यांना बसवलं होतं. चहाचं आधण ठेवलं नाही तोच दारात हेल्गाबाई. डोळे लाल.

"डबा," ती म्हणाली. "डबा गेला."

"आत्या, ह्या नव्या शेजारीण," मी सासूबाईंना कसंबसं म्हटलं.

"कसला डबा वो बाई?" सासूबाईंनी विचारलं.

"स्टील. मोठा."

स्टील म्हटल्यावर सासूबाई उठल्याच. "अगं बाई, स्टीलचा? आमच्या गल्लीत चोर?" आणि चहा न घेता त्या बाहेर पडल्या. बघता बघता गल्ली गोळा झाली. गौराक्कानं तोंड उघडलं, "आवो गंगाबाई, त्यो डबा तर तुमचा…" मी तिच्याकडं असं बघितलं की तिनं त्याची जांभई केली.

"भांडी कोन घासतंय तुमच्यात?" सासूबाईंनी हेल्गाबाईला विचारलं.

"यल्लव्वा."

"बोलवा तिला."

यल्लव्वा चार घरची भांडी घासायची. ओले हात लुगड्याला पुसत आली. सगळे आपल्याकडं बघतायत म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. "मी कशाला घिऊ वो आव्वा? माज्या घरात डबा ठिवाय फळी बी न्हाय. बघा की येऊन."

सासूबाईंच्या रागाची भीती होतीच, पण यल्लव्वाच्या तोंडाकडं बघवेना. तिचं काम सुटलं असतं आणि मी शेंगापोळ्या लाटत बसले असते. मी आत गेले, खांद्यापर्यंत हात कणगीत घातला आणि ज्वारी सांडत डबा बाहेर आणला.

"यल्लव्वानं नाही. मी आणला."

सासूबाईंनी डबा हातात घेतला, फिरवला आणि नावावर बोट ठेवून वाचलं, "गं… गा… बा… ई." मग माझ्याकडं बघितलं आणि पदरानं डब्यावरची ज्वारीची धूळ पुसली.

हेल्गाबाई मात्र डबा बघून हसायलाच लागली. तिनं झाकण उघडलं. आत बिस्किटं, गोल, पिवळीधमक, काठोकाठ.

"रिकामा द्यायचा नाही," ती म्हणाली. "गौराक्का बोलली."

"मी म्हनले व्हते," गौराक्का म्हणाली. "आपल्यात रिकामं भांडं परत देत न्हाईत म्हनून. आनि अंडं चालत न्हाय, ते बी सांगितलं व्हतं. पन रोज जळत व्हतं ते ह्येच, हे मला बी आत्ता कळलं."

"अंडं नाही. तूप," हेल्गाबाई बोटांवर मोजत सांगायला लागली. "सोमवार काळं. मंगळवार काळं. काल पण काळं. आज छान." मग तिनं आमच्या दाराकडं बोट केलं. "पाच वाजता, इथं."

कळलं का तुम्हाला? पाच वाजता जो डबा वाजतगाजत माझ्या घरी येणार होता, तो मी तीन वाजता चोरून आणला होता.

सासूबाईंनी "अंडं न्हाय न्हवं?" असं पुन्हा एकदा विचारून घेतलं आणि पहिलं बिस्कीट यल्लव्वाच्या हातावर ठेवलं. "खा बाई. चुकलं माजं," म्हणाल्या. मीही तिची माफी मागितली. ती बिस्कीट खात खात म्हणाली, "जाऊ द्या वो वैनी. पर तुमी लई सफाईनं आणला."

मला सासूबाई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, महिन्यानंही नाही. मला वाटलं, विसरल्या. हेल्गाबाईशी त्यांचं चांगलंच जमलं. दहातले नऊ शब्द एकमेकींचे कळत नसताना दोघी ओट्यावर तासन्‌तास शेंगा फोडत बसायच्या.

पुढच्या वर्षी यंत्रं बसवून झाली आणि त्या दोघांनी बिऱ्हाड आवरलं. पुन्हा दारात ट्रक, पुन्हा गल्ली गोळा. कुर्तसाहेब हमाल शोधत होता आणि एकही सापडेना. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"हमाल कशाला हुडकताय सायेब? आमच्या सूनबाईला न्या की. तुमचं सामान हलवायची सवय हाय तिला."