खुर्चीवरचे माळी

मोडीत काढलेलं यंत्र मिस्त्रीच्या हाती पडलं की त्याची सुटका लांबलीच म्हणून समजावं. गोल्फच्या मैदानामागे त्याचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. तिथे वाळू पसरायची गाडी दोन मेलेल्या गाड्या जोडून झालेली, आणि पालापाचोळा उडवायचा पंखा फवारणीच्या जुन्या इंजिनावर चालायचा. नव्या खरेदीचा विषय निघाला की मॅनेजरबाई म्हणत, "आधी मिस्त्रींना विचारा." हे ऐकून मिस्त्री दिवसभर शीळ घालत हिंडे. दुनिया ग्रीसवर चालते असं त्याचं ठाम मत होतं, आणि ग्रीस लावताना त्याचा हात कधी आखडला नाही.

या वेळी मात्र प्रश्न सासऱ्यांचा होता. ते मैदानाचे मुख्य माळी. मैदानातल्या अठराही भोकांभोवतीची बारीक हिरवळ, म्हणजे ग्रीन, यंत्रामागे चालत चालत कापायचं काम त्यांचं. आता गुडघ्याने दगा दिला होता. बसून चालवायचं यंत्र क्लबला परवडणारं नव्हतं, तेव्हा महिनाअखेरीस त्यांनी घरी बसावं असं बाईंनी जड मनाने सांगितलं होतं. तेव्हापासून म्हातारा घराबाहेर पडेना. खिडकीतल्या कुंडीतलं गवत कात्रीने कापत बसे.

"जगभरच्या भंगाराला जीव लावता," बायको मिस्त्रीला म्हणाली, "माझ्या बाबांसाठी एक खुर्ची होत नाही तुमच्याच्याने?"

हे त्याच्या जिव्हारी लागलं. त्याने मोडक्या गोल्फगाडीची सीट काढली आणि जुन्या कापणी यंत्राचा गुळगुळीत रूळ तिच्याखाली चाकांच्या जागी बसवला, म्हणजे गवतावर चाकोरी उमटायला नको. ते सगळं सासऱ्यांच्या कापणी यंत्रामागे जोडलं आणि रुळाच्या आसात पोटभर ग्रीस भरलं.

"ग्रीनवर एक जरी डाग दिसला, तर ही खुर्ची भंगारात," बाईंनी चाचणीआधीच बजावलं.

सासरे ऐटीत बसले. यंत्र निघालं, वळलं, गवत सुरेख कापलं गेलं. थांबल्यावर ते उतरले आणि उतरले तिथेच खिळून उभे राहिले.

"मामा, इकडे या," बाई म्हणाल्या.

"इथंच बरा आहे."

"दोन पावलंही टाकवत नाहीत का?"

सासऱ्यांनी मान खाली घातली. बाईंचा चेहरा उतरला. "मग बसवून तरी काय उपयोग? चढणार कसे, उतरणार कसे? नकोच ते."

मिस्त्रीची नजर खाली गेली. सासऱ्यांच्या बुटाच्या कडेला काळी चकाकी दिसत होती. जावयाची लाज झाकायला म्हातारा स्वतःची नोकरी पायाखाली घेऊन उभा होता!

"बाई, गुडघा तेवढा वाईट नाही," तो म्हणाला. "खाली माझं ग्रीस सांडलंय."

"जावईबापू, कशाला बोललात?" सासरे कळवळून म्हणाले आणि बाजूला झाले.

बाईंनी डागाकडे पाहिलं, मग दोघांकडे. हसू येत होतं ते त्यांनी कसंबसं आवरलं. "मला डाग चालत नाही. उद्या पुन्हा दाखवा. तेवढंच."

सासऱ्यांनी साबणाच्या पाण्याने गवत धुऊन काढलं. मिस्त्री घरी आला तो थेट ओट्याकडे वळला आणि भाजी कापायचा जाड प्लास्टिकचा बोर्ड उचलून चालू लागला.

"अहो, आता मी कांदा कशावर चिरू?" बायको ओरडली.

"बाबांच्या खुर्चीला विचार!"

लेथवर त्याने त्या बोर्डातून रुळाच्या आसाभोवती बसणारे गोल बुश कातले, थेंबभरही ग्रीस न मागणारे. ग्रीसचा डबा बाजूला सारताना त्याला चोरट्यासारखं वाटलं. उभ्या जन्मात त्याने कोरडा आस फिरवला नव्हता.

दुसऱ्या सकाळी सासरे पुन्हा खुर्चीवर बसले. रूळ जरासा कुरकुरला, पण फिरला. बाई चपला काढून ग्रीनवर अनवाणी हिंडल्या, चार ठिकाणी वाकल्या, तळवे उलटून पाहिले. काही नाही.

"राहा म्हणावं त्यांना," त्या म्हणाल्या.

कधी एकदा सासऱ्यांना सांगतो असं मिस्त्रीला झालं. वळून बघतो तर यंत्र केव्हाच पुढच्या उतारापर्यंत गेलेलं.

"मामा!" तो धावत सुटला. "झालं! बाई राहा म्हणाल्या! उतरा आता!"

सासऱ्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"उतरू कशाला? अजून सतरा ग्रीन कापायची आहेत."