थोरलीची लाल फीत

देशाच्या विमान कंपनीचं पहिलं विमान उतरलं तेव्हा मिस्त्रीच्या हातात पाना होता आणि डोळ्यांत पाणी. मागोमाग आणखी दोन आली. हँगरमधल्या मंडळींनी तिघींचं बारसं करून टाकलं: थोरली, मधली, धाकटी. कंपनी तेव्हा जोरात होती. मिस्त्रीला जेवायची फुरसत नसे.

"घरचा नळ गळून गळून म्हातारा झाला," बायको म्हणायची, "माझ्या या सवतींचे लाड काही संपत नाहीत!"

मग प्रवासी मोठ्या कंपन्यांकडे वळले. परदेशातून सुटे भाग येईनासे झाले. धाकटी अडली की थोरलीचा पंप काढ, मधली अडली की थोरलीचा रेडिओ. हँगरचा नियम एकच: भाग काढला त्या जागी लाल फीत बांधायची, म्हणजे परत बसवायचं राहून जाणार नाही. बघता बघता थोरली फितींनी भरून गेली. पुढे मधलीही उडायची थांबून थोरलीशेजारी बसली. तरी दर सोमवारी मिस्त्री चार जणांना गोळा करून थोरलीला हातभर ढकलायचाच. चाकं एकाच जागी दबू नयेत.

"कशाला जीव काढतोस?" रंगारी म्हणायचा. शेपटीवरचे झेंडे त्याच्याच हातचे.

"सगळं परत बसवणार आहे मी."

"हो तर! आणि मला पुन्हा केस येणार आहेत."

शेवटी कंपनी बुडालीच. एक गिऱ्हाईक आलं. धाकटी घेतो म्हणालं, पण तिची चाकं झिजलेली. चांगली घाला, लगेच उडवून नेतो. नाहीतर तिन्ही भंगारात.

चांगली चाकं एकीचीच होती.

मिस्त्रीने जॅक उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. थोरलीभोवती उगाच फेऱ्या मारल्या. मग तो तिच्या पोटाखाली शिरला.

चाकं निघाली. थोरली ठोकळ्यांवर टेकली. सवयीने रंगाऱ्याने खिशातून लाल फीत काढली.

"ठेव खिशात," मिस्त्री म्हणाला.

धाकटी त्याच चाकांवर धावली, उचलली गेली, दिसेनाशी झाली.

सोमवारी मिस्त्री हँगरवर गेला. ढकलायला काही उरलं नव्हतं. तसाच घरी आला.

"आज इतक्या लवकर?"

"नळ बघतो."

नळ झटक्यात दुरुस्त झाला. बायको आत वळली, तसा त्याने तो पुन्हा खोलला.