उचलणारीची पाठ

पडदेवालीचा नवरा इमारतींना रंग द्यायचा. उंच, रुंद, शिडी खांद्यावर टाकून सगळे मजले एका दमात चढणारा गडी. एका दुपारी परांचीवरून त्याचा पाय निसटला आणि कमरेखालचं अंग कायमचं गेलं. जीव वाचला म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि जो तो आपापल्या घरी गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत उरली ती दोघं, एक पलंग, चाकांची खुर्ची आणि पडदे शिवायचं मशीन. इमारतीला लिफ्ट नव्हती. रंगाऱ्याला खाली न्यायचं तर चार माणसं गोळा करावी लागत, म्हणून तो खाली जातच नसे.

आजारपणात माणसं वाळतात. हा बसून बसून जड झाला. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत, मोरीतून पुन्हा पलंगावर, असं दिवसभर ती त्याला उचलायची. कसं उचलायचं हे तिला कुणी दाखवलं नव्हतं. वाकायचं, त्याच्या काखेत हात घालायचे आणि दातओठ खाऊन ओढायचं. कंबर कित्येक महिने ठणकत होती. पण घरात एक माणूस कायमचा पडलेला असताना दुसऱ्याच्या कमरेची चौकशी कोण करणार? पुढे पुढे हातही दगा देऊ लागले. जाड कापड कापताना कात्री बोटांतून गळायची. पिळलेल्या चादरीतून पाणी ठिबकत राहायचं.

मग एके दिवशी जेवणं झाल्यावर ती त्याला खुर्चीतून पलंगावर घेत होती. खुर्चीचा ब्रेक नीट लागला नव्हता. खुर्ची मागे सरकली, तिच्या पाठीत कडकन उसण भरली, आणि दोघं पलंग आणि भिंत यांच्यामधल्या फटीत कोसळली. ती खाली, तो तिच्या मांड्यांवर.

"लागलं का गं?" त्याने विचारलं.

"हलू नका."

"मी कसला हलतोय!"

तेवढ्यातही तिला हसू आलं, आणि हसण्याने पाठीत अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मशीनवर ठेवलेला फोन वाजून वाजून थांबला. हाताला पडदे मोजायची लाकडी पट्टी लागली, तिने भिंतीवर ठोकायला सुरुवात केली. पलीकडच्या शेजाऱ्याला वाटलं, खिळा ठोकताहेत. त्याने रागाने उलट दोनदा ठोकलं. शेवटी खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या, निवृत्त बस कंडक्टरांना रंगाऱ्याची हाक ऐकू आली आणि त्यांनी माणसं आणली. तोवर पडदेवाली छताकडे बघत पडून होती. तिला भीती वाटत नव्हती. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती, की हे असंच आहे. आज नुसतं दिसलं एवढंच.

हाडांच्या डॉक्टरबाईंनी तपासलं, एक्स-रे पाहिला. हाड शाबूत होतं, नसही दबलेली नव्हती; स्नायूंनी हात टेकले होते. "दुखणं थांबलं की लगेच पाठ, पोट आणि हातांची ताकद वाढवा. वजनं उचला, पण शिकून," असं त्या म्हणाल्या. रंगाऱ्याची धाकटी बहीण सोबत होती. ती म्हणाली, "वहिनी, तोवर दादासाठी सकाळ-संध्याकाळ माणूस ठेवू, पैसे मी देईन." माणूस आला. शांत, हातांना सवय असलेला.

समोरच्या इमारतीच्या तळघरात जिम होती. तिथल्या शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, केस बारीक कापलेल्या, आवाज मात्र शाळेतल्या मास्तरीणबाईंचा. दुपारी रंगाऱ्याचा डोळा लागला की पडदेवाली उतरून जायची. तिला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी लोखंड हातात देतील. बाईंनी हातात दिली एक काठी.

"पाठीला लावून धरा. डोकं, पाठ आणि माकडहाड, तिन्हीला टेकली पाहिजे. आता कमरेतून पुढे झुका. काठी सुटली तर समजा पाठ वाकली."

"मी जन्मभर वाकतेच आहे, बाई."

"वाकताय, पण पाठीतून. बूड मागे न्या, मागचं दार बुडाने लोटल्यासारखं."

कित्येक दिवस ती नुसती दार लोटत होती. मग गुडघे-हातांवर टेकून उलटसुलट हातपाय लांबवणं, कोपरांवर अंग तोलून धरणं. पोट कसं आवळायचं तेही बाईंनी सांगितलं, कुणी पोटात गुद्दा मारणार आहे असं समजून. मग वजनं लावायचा लोखंडी बार, आधी रिकामाच, नडगीला खेटून वर आणायचा. मग त्याला लहानशा प्लेटा. अजून दोन वेळा जमेल असं वाटलं की थांबायचं. कळ पायात उतरली तर बार तिथेच ठेवून सांगायचं. एक दिवस व्यायाम, एक दिवस आराम. हातांसाठी दोन डंबेल घेऊन तळघराच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचं. ती चालायची, भिंत यायची, वळायची. वरच्या लहानशा खिडकीतून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसायचे.

पाठ हळूहळू जागेवर आली. कात्री हातात टिकू लागली. तिने पडद्याच्या जाड पट्टीचा एक पट्टा शिवला. रंगाऱ्याच्या कमरेला तो बांधायचा, स्वतःचे पाय फाकवून त्याच्या गुडघ्यांना आपले गुडघे लावायचे, पोट आवळायचं आणि पायांच्या जोरावर उठायचं. पहिल्यांदा जमलं तेव्हा नणंद दारातच उभी होती.

"अगंबाई, वहिनी! तू तर पैलवान झालीस!" तिने टाळ्याच वाजवल्या. "मग आता माणूस कशाला? उगीच परका घरात."

पुढच्या सोमवारपासून माणूस यायचा बंद झाला. ती उचलू शकत होती, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

त्या आठवड्यात रंगाऱ्याने विचारलं, "एक सांग. ही ताकद तू मला उचलायला कमावतेस, की मला सोडून जायला?"

ती दोऱ्याचं टोक सुईत घालत होती. ते गेलं नाही. "काय बोलता!" एवढंच म्हणाली. नाही म्हणाली नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी तिने बाईंना न विचारता बारला मोठ्या प्लेटा लावल्या आणि हिसका मारला. बार जेमतेम हलला आणि तिची पाठ धनुष्यासारखी वाकली.

"ठेवा खाली!" बाई ओरडल्या. जवळ आल्या, प्लेटा काढल्या. "कुणावर राग काढताय?"

"जितकी मजबूत होते तितकी घरात जास्त अडकते, बाई. पाठ मोडली होती तेव्हा निदान माणूस तरी येत होता."

बाईंनी प्लेटा मांडणीवर नेऊन ठेवल्या. मग म्हणाल्या, "त्यावर माझ्याकडे व्यायाम नाही. पण घरी बोलायला पाठ मोडायची वाट बघू नका."

रविवारी नणंद आली तेव्हा पडदेवालीने पट्टा तिच्या हातात दिला. "आज तुम्ही घ्या दादाला खुर्चीत. मी सांगते कसं ते."

"मी? मला कसं झेपेल?"

"मलाही झेपत नव्हतं."

नणंदेने प्रयत्न केला. रंगारी अर्धवट उठला आणि धपकन खाली बसला. नणंद कंबर धरून भिंतीला टेकली, चेहरा पांढराफटक. कुणी कुणाला दोष दिला नाही. पडदेवाली शांतपणे म्हणाली, "मला उचलता येतं. म्हणून मीच उचलायचं असं नाही. माणूस परत बोलवा." नणंद गाल फुगवून गेली, पण सकाळचा माणूस परत आला. संध्याकाळचा नाही आला.

एका दुपारी जिममधून निघाल्यावर ती घराकडे वळलीच नाही. रस्त्याच्या टोकापर्यंत गेली. दोन्ही बाजूंना रस्ते जात होते. ती बराच वेळ उभी राहिली, आणि कुठे जायचं ते काही केल्या सुचेना. परत आली.

"आज उशीर झाला," रंगारी म्हणाला.

"चालत होते जरा."

"कुठे?"

"कुठे नाही."

त्याने मान भिंतीकडे वळवली. थोड्या वेळाने, तसाच तोंड फिरवून म्हणाला, "उद्या कुठेतरी जा. मी हाका नाही मारणार."

ती अजून जिमला जाते. बारवरच्या प्लेटा वाढल्या आहेत, हळूहळू, बाईंच्या देखरेखीखाली. नवऱ्याला ती पायांच्या जोरावर उचलते, पाठ सरळ ठेवून, आणि डॉक्टरांकडे पुन्हा जावं लागलेलं नाही. जिने चढताना आता धापही लागत नाही. तरी शेवटच्या वळणावर ती पायरीवर बसते. किल्ली हातात असते. ती बसून राहते, आणि मग उठून दार उघडते.