दादाने गोळा केलेली गाऱ्हाणी

चूक माझी होती, हे आधीच सांगतो. भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. पण हे डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून लिहितोय.

मी बोरिवलीला राहतो. माझा मोठा भाऊ, दादा, मुलुंडला. रिटायर झाल्यावर त्याने एकच ध्यास घेतला... आमच्या कोकणातल्या वाडीची गाऱ्हाणी गोळा करायची. देवापुढे नारळ ठेवून घरादारासाठी मागणं मागतात, ती. प्रत्येक घराचे शब्द वेगळे. मुलुंड-घाटकोपरमधल्या आमच्या म्हाताऱ्यांजवळ बसून तो लिहून घ्यायचा, दोन बोटांनी कॉम्प्युटरवर टाईप करायचा आणि कागद फाडून टाकायचा. त्यातले तीन-चार म्हातारे आता हयात नाहीत.

दर दोन दिवसांनी त्याचा फोन — "अरे, अक्षरं बारीक झाली. ये जरा."

एवढ्या लांब कोण जाणार? मी त्याच्या कॉम्प्युटरवर रिमोट डेस्कटॉप लावला. त्याची स्क्रीन माझ्या घरी दिसायची, माझ्या माउसने चालायची. पासवर्ड फक्त मला माहीत.

"म्हणजे तू आता येणारच नाहीस," दादा हसला. "झकास सोय केलीस रे स्वतःची!"

एकदा त्याचा प्रिंटर चालू करून दिला आणि कनेक्शन तोडायला विसरलो. समोर पूर्ण स्क्रीनभर त्याचा डेस्कटॉप होता, मला वाटलं माझाच. 'नवीन फोल्डर' नावाचं काहीतरी दिसलं. कचरा समजून कायमचं डिलीट केलं. गाऱ्हाणी त्यातच होती.

संध्याकाळी दादाचा फोन आला. "माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं रे. वाट लागली सगळ्याची."

"होतं असं कधीकधी," मी म्हणालो. एवढंच.

त्यानंतर चार महिने तो सवयीने सकाळी कॉम्प्युटर चालू करायचा, पण समोर बसायचा नाही. मी दर शनिवारी दुपारी गुपचूप कनेक्ट करून फाईल परत मिळते का बघायचो. काही मिळत नव्हतं.

अशाच एका शनिवारी कनेक्ट केलं, तर कोरं पान उघडलेलं... आणि त्यावर अक्षरं उमटत होती. एकेक, सावकाश, दादाच्या दोन बोटांच्या चालीने. विहिरीकडच्या घराचं गाऱ्हाणं. मग वरच्या घराचं. 'मुंबैक गेलेल्या पोरांका सुखी ठेव...' मला इतकं बरं वाटलं! दादा पुन्हा बसला म्हणायचा. तासभर नुसता बघत राहिलो. शेवटी फाईल सेव्ह झाली, तसा मी वहिनीला फोन केला.

"दादा टाईप करतोय ना?"

"कसलं टाईप, भाऊजी! आम्ही सकाळपासून गोराईला आलोय. हे इथे कोळणीशी घासाघीस करतायत."

"मग घरी कोण आहे?"

"कोण असणार? कुलूप आहे. आणि कीबोर्ड तर मी कधीच पिशवीत घालून माळ्यावर टाकलाय. बसत नाहीत तर धूळ कशाला?"

कनेक्शनच्या नोंदी तपासल्या. त्यात फक्त मीच होतो. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याने दोन-तीन कारणं सुचवली, पण माळ्यावरच्या कीबोर्डला त्यातलं एकही लागू पडत नव्हतं. मला आजही याचा उलगडा झालेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मुलुंडला गेलो. पिशवी खरंच माळ्यावर होती, गाठ मारलेली. दादाने चष्मा लावला आणि ओठ हलवत सगळं वाचलं. वाडीतल्या अंगणात बसल्यासारखा दिसत होता.

"एक शब्द इकडचा तिकडे नाही रे," तो म्हणाला. "म्हणजे माझ्या हातून काही उडालंच नव्हतं? इथेच कुठेतरी पडलं होतं?"

नुसतं 'हो' म्हणालो असतो तर सुटलो असतो. वहिनी चहा घेऊन आली, तिच्यासमोरच बोललो —

"उडालं होतं, दादा. पण तुझ्या हातून नाही, माझ्या. चार महिने तुला तुझीच चूक वाटू दिली मी. माफ कर मला."