फोकसवहिनी बाहेर पडल्या

अख्खं गाव फोकसवहिनींच्या ओळखीचं होतं, पण गावातल्या कुणी त्यांना ओळखेल तर शपथ. कारण सरळ होतं. त्यांचे यजमान फोकसभाऊ लग्नकार्यांचं शूटिंग करायचे, आणि वहिनी दुकानामागच्या खोलीत बसून ते कापायच्या, जोडायच्या, त्यावर गाणी चढवायच्या. कोण कुणाच्या लग्नात रुसलं, कोणती आत्या फोटोपुरती हसते आणि पाठ वळली की तोंड वाकडं करते, कुणाचे पांढरे केस एका वर्षात काळेभोर झाले, सगळं त्यांना ठाऊक. भाजी घेताना शेजारच्या बाईकडे बघून त्या मनात म्हणायच्या, ‘अगंबाई, ही तर नाचता नाचता पडलेली मावशी!’ आणि ती मावशी म्हणायची, “जरा सरका हो, टोमॅटो बघू द्या.”

वहिनींचे वडील शिंपी. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा दुकानात एडिटिंगला एक माणूस होता. तो ऐन सीझनमध्ये काम टाकून दुसऱ्या शहरात निघून गेला, आणि भाऊ डोक्याला हात लावून बसले. वहिनी म्हणाल्या, “कापायचं आणि जोडायचंच ना? त्यात काय एवढं! आमच्या माहेरी दुसरं काय चालायचं?” त्या दिवशी खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. खोलीला खिडकी होती, पण स्क्रीनवर उजेड पडतो म्हणून तिच्यावर जाड काळं कापड ठोकलेलं. खुर्चीच्या पाठीला एक उशी सुतळीनं बांधलेली. मुलगी याच खोलीत टेबलाखाली खेळत मोठी झाली, शिकली, नोकरीला लागून लांब गेली. वहिनींची काही तक्रार नव्हती. दुसऱ्यांची लग्नं बघत पोट भरायचं, यापेक्षा बरं काम कोणतं, असं त्या म्हणायच्या.

भाऊ माणूस लाखात एक, पण तोंडाला टाळं नाही. “फोकसमध्ये या, फोकसमध्ये या” हा त्यांचा घोष, त्यावरूनच नाव पडलं. कॅमेरा खांद्यावर चढला की जिभेची किल्ली फिरलीच. “काकू, हसा थोडं, कॅमेरा पैसे मागत नाही. आजोबा, पोट आत! काय हो जावईबापू, आत्तापासून घाम?” लोक खदखदून हसायचे. पण फिल्ममध्ये हा आवाज कसा ठेवणार? वहिनी तो वेचून वेचून कापायच्या, डाळीतले खडे काढावेत तसा. ते भाऊंना कधी कळलंच नाही, कारण तयार झालेली फिल्म त्यांनी कधी बसून पाहिलीच नव्हती. त्यांचा जीव पुढच्या लग्नात.

एका वाढदिवसाला केक कापताना सगळी मंडळी एका चौकटीत यावीत म्हणून भाऊ मागे सरकले, आणखी सरकले, आणि स्टेज संपलं. खाली पडले ते कॅमेरा छातीशी कवटाळून. कॅमेऱ्याला ओरखडा नाही, पाय मात्र मोडला. प्लास्टर चढलं. आणि त्याच आठवड्यात एका लग्नाचं काम घेतलेलं, शब्द दिलेला.

स्टेजवरचा मोठा कॅमेरा सांभाळायला वहिनींचा धाकटा भाऊ होता. मुलीचा मामा म्हणून अख्खा धंदा त्याला मामाच म्हणायचा. पण मामा एका जागी खांब. फिरता कॅमेरा कोण घेणार?

“मी जाते,” वहिनी म्हणाल्या.

“तू?” भाऊ उठायला गेले आणि पायात कळ येऊन परत आडवे झाले. “अगं, तुला माणसांशी बोलावं लागेल. त्यांना खुलवावं लागेल.”

“तुम्ही खुलवलेली माणसं मी इतकी वर्षं बघतेय. न खुलवता कशी दिसतात ते बघून येते.”

मामानं दोन दिवस दुकानाच्या मागच्या अंगणात वहिनींना कॅमेरा घेऊन चालायला लावलं. गुडघे वाकवून, श्वास धरून, शेजारणीच्या मांजरामागे. शेवटी मांजर कंटाळलं.

लग्नाच्या दिवशी हॉलच्या दारात पाऊल टाकलं आणि वहिनींना एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. सगळे चेहरे ओळखीचे! पहिल्याच खुर्चीवर एक जाडजूड बाई बसलेली. वहिनींच्या तोंडून निघून गेलं, “काय म्हणतोय गुडघा?”

“आता बराय,” बाई म्हणाल्या, आणि मग दचकल्या. “तुम्हाला कसं कळलं?”

“मागच्या लग्नात जिना उतरताना कठडा धरून थांबला होतात ना?” वहिनी म्हणाल्या आणि पुढे सटकल्या. बाई शेजारणीला विचारत राहिल्या, “कोण गं ही? मुलाकडची का?”

वहिनी कुणालाही हस म्हणाल्या नाहीत, वळ म्हणाल्या नाहीत. कोपरा बघून उभ्या राहायच्या. थोड्या वेळानं माणसं त्यांना विसरायची, आणि मग कुणी बूट काढून पाय चोळायचं, कुणी नवऱ्याची कॉलर नीट करायचं, दोन म्हाताऱ्या बहिणी एकमेकींच्या कानाला तोंड लावून कुजबुजायच्या. इतकी वर्षं आपल्याकडे हे कधी आलंच नव्हतं, वहिनींना वाटलं. भाऊंचा आवाज ऐकला की माणसं आधीच ताठ बसायची.

मग त्या नवरीच्या खोलीत गेल्या. आरशासमोर नवरी, मागे तिची काकू केसात पिना खोचतेय. “चिमणे, मान हलवू नकोस, नाहीतर पिन डोक्यात जाईल.”

“काकू, तू आत्ताच घातलीस की डोक्यात.”

नवरी हसली, आणि हसताना हाताची पालथी मूठ तोंडावर धरली. वहिनींनी कॅमेरा जरा खाली घेतला. हे हसणं त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. आरशाला टेकवून एका बाईचा फोटो ठेवलेला होता, तरुण, गोल चेहऱ्याची.

“माझी आई,” नवरी म्हणाली. “मी बालवाडीत होते तेव्हा गेली. काकूनंच वाढवलं मला. आईचा चेहरा आहे फोटोत, पण आवाज कसा होता ते आठवत नाही. किती आठवून बघितलं.” हे तिनं कुरकुर न करता सांगितलं, पावसात छत्री विसरली असं सांगावं तसं. काकूचा पिना खोचणारा हात मात्र थांबला होता.

वहिनी फोटोकडे बघत राहिल्या. त्यांना आठवणारा चेहरा फोटोतला नव्हता, हलणारा होता, बोलणारा होता. शब्द ओठांवर आले होते, पण त्यांनी ते गिळले. नसती आशा लावायची आणि मग काही सापडलं नाही तर? लग्नाच्या दिवशी? त्यांनी कॅमेरा पुन्हा वर घेतला. त्यानंतर लग्न लागलं, माणसं जेवली, नवरी निघाली, सगळं त्यांनी टिपलं, पण डोक्यात तो एकच चेहरा.

घरी येऊन त्यांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. “अहो, त्या मुलीच्या आईला मी कापलंय!”

भाऊ स्टुलावर पाय ठेवून चहा पीत होते. ठसकाच लागला. “काय केलंयस?”

वहिनींनी सगळं सांगितलं. कुणाच्या तरी लग्नाच्या फिल्ममध्ये ती बाई होती, आणि ती त्यांनी काढून टाकली होती, एवढं नक्की. कुणाच्या ते आठवत नव्हतं. “मागे कागदी फुलांची कमान होती. एका बाजूनं सुटून लोंबत होती.”

“सुटलेली कमान?” भाऊंनी कप खाली ठेवला. “अगं, ते बेकरीवाल्याच्या पोराचं लग्न! ती कमान माझ्याच डोक्यावर पडली होती. टेंगूळ आलं होतं, विसरलीस?”

पूर्ण झालेली फिल्म घरात नव्हती, ती बेकरीवाल्यांना दिलेली, आणि तिच्यात ती बाई असणारही नव्हती. पण मूळ कॅसेटी होत्या. फुटकी बशीसुद्धा ‘असू दे, लागेल’ म्हणून ठेवणारा माणूस कॅसेटी कशा टाकेल? माळ्यावर पत्र्याची पेटी होती. मामा वर चढला, शिंकत शिंकत पेटी घेऊन उतरला. जुना प्लेअर आधी चालेचना. भाऊंनी खुर्चीत बसल्या बसल्या तो मांडीवर घेऊन उघडला, कापसाचा बोळा फिरवला, फुंकला, दोन शिव्या घातल्या, तेव्हा कुठे चालला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सापडली. कमान, कमानीखाली गोल चेहऱ्याची बाई, आणि तिच्या कमरेला बिलगलेली एवढीशी मुलगी. आणि सगळ्यात आधी ऐकू आला तो भाऊंचा आवाज.

“ताई, नवरा-नवरीला दोन शब्द सांगा की! अशा कशा जाता? टोल लागतो इथं!”

“मी? मला काय बोलता येतंय!”

“बोलता येत नाही म्हणणारीच जास्त बोलते. आमच्या घरी आहे एक.”

बाई खळखळून हसली, पालथी मूठ तोंडावर धरून. मग म्हणाली, “बरं बाबा. सुखानं राहा. भांडा, पण जेवून भांडा. रिकाम्या पोटी भांडण लांबतं.” मुलीनं तिला ओढलं. “थांब गं चिमणे, आई भाषण करतेय ना.”

“चिमणीला पण बोलू द्या. काय गं चिमणे, काय सांगशील?” पुन्हा भाऊ.

“मला झोप आली,” ती मुलगी कॅमेऱ्यात तोंड घालून म्हणाली.

“झालं! संपलं भाषण,” बाई म्हणाली, आणि मुलीला कडेवर घेऊन हसत हसत चौकटीबाहेर गेली.

वहिनींना आता नीट आठवलं. प्रत्येक वाक्यात भाऊ घुसलेले, वेगळं करता येईना, म्हणून त्यांनी वैतागून सगळा तुकडाच उडवला होता.

“एवढा बोलतो मी?” भाऊ हळूच म्हणाले.

“बोलता.”

“आणि तू हे सगळं कापतेस? दर वेळी?”

“दर वेळी.”

भाऊंचा चेहरा पडला. वहिनींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, “पण तुम्ही टोकलं नसतंत ना, तर ती बाई तशीच मान खाली घालून निघून गेली असती. मी तिथं असते, तर मला तिची नुसती पाठ मिळाली असती. मुकी.”

ही गोष्ट भाऊंनी पुढे पुष्कळांना सांगितली, आणि दर वेळी वहिनींचं हे वाक्य जरा लांबत गेलं.

नवरी आणि काकू फिल्म पाहायला आल्या तेव्हा वहिनींनी आधी काकूला बाजूला घेऊन सांगितलं. काकू भिंतीला टेकली, पदराशी चाळा करत राहिली, मग म्हणाली, “दाखवा. तिचं आहे ते. मीच सांगते तिला.” तिनं नवरीचा हात धरून तिला खुर्चीत बसवलं, काय आहे ते दोन शब्दांत सांगितलं, आणि वहिनींनी बटण दाबलं.

पहिल्यांदा नवरी स्क्रीनच्या अगदी जवळ सरकली. परत लावा, अशी खूण केली. परत लावलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “जाड आहे आवाज. मला वाटायचं बारीक असेल.” मग काकूकडे वळून, “काकू, हे जेवून भांडायचं तू म्हणतेस ना नेहमी?”

“तिचंच आहे ते,” काकू म्हणाली. “आम्ही दोघी जावा. कडाकडा भांडायचो. पण आधी ताटं वाढायची ती. दोन घास पोटात गेले की मला भांडायचं काय तेच आठवायचं नाही.” आणि मग त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. मामा चहा आणायच्या निमित्तानं बाहेर पळाला.

“हा मधला आवाज काढून देते मी,” वहिनी म्हणाल्या. “आता सोय आहे तशी.”

“नको, नको,” नवरी म्हणाली. “आई त्यांच्याशीच बोलतेय ना. ते काढले तर ती एकटी बोलतेय असं वाटेल.”

भाऊ दारातच कुबड्यांवर उभे होते. तेही मामाच्या मागोमाग चहा आणायला निघाले.

पाय बरा झाला, पण मागे मागे सरकायचं डॉक्टरांनी बंद केलं. तेव्हापासून दोघं बरोबर जातात. भाऊ दारापाशी खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला बोलतं करतात, वहिनी कोपऱ्यातून न बोलणाऱ्यांना टिपतात. एडिटिंग आलटून पालटून. भाऊ स्वतःचा आवाज कापायला बसले की वहिनी मुद्दाम मागे उभ्या राहतात, कारण एकदा भाऊंनी स्वतःचे विनोद ठेवून नवरदेवालाच कापलं होतं. भांडणं होतात. सूर असा लागतो की शेजारीण मांजर घेऊन आत जाते.

परवा मुलीचा फोन आला. बरोबर काम करणारा एक मुलगा आहे, दोघांचं ठरलंय, तुम्ही येऊन भेटा. वहिनी आनंदानं ‘कधी येऊ?’ विचारत होत्या. भाऊंनी फोन हिसकावून घेतला. “शूटिंगचं काय?”

“बाबा, तुम्ही दोघांनी कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. पाहुण्यांसारखं बसायचं.”

“पाहुण्यांसारखं? मला नाही येत तसं बसता!”

“मग शिका. मामा करेल शूटिंग.”

भाऊंनी फोन ठेवला. मग मामाला हाक मारून म्हणाले, “इकडे ये. हे बघ, मुलगी आत येते ना, तेव्हा उजेड डावीकडून पाहिजे. आणि नुसता खांबासारखा उभा राहू नकोस. बोलत जा जरा!”

“अहो, त्याला चहा तरी पिऊ द्या,” वहिनी म्हणाल्या, आणि मुलाच्या आईला बोलतं करायला काय विचारायचं त्याची मनात जुळवाजुळव करत आत गेल्या.